आईबाबा दोघेच पुण्यात : मदत कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा : मी बंगळुरूला नोकरी करतो. बाबा ७८ वर्षांचे, आई ७३ वर्षांची. दोघेच कर्वेनगरला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. गेल्या सहा महिन्यांत बाबा घरातच दोनदा पडले. हाड मोडलं नाही, पण हल्ली तोच तोच प्रश्न पुन्हा विचारतात. सगळं आई करते आणि फार चिडचिडी झाली आहे. आरोग्य विम्याची पॉलिसी हप्ता चुकल्यामुळे बंद पडली. वृद्धाश्रम बघावा, की चोवीस तासांचा माणूस ठेवावा? पुण्यात ज्येष्ठांसाठी नेमक्या कुठल्या सेवा आहेत?

उत्तर :

तुम्ही दोनच पर्याय मांडलेत आणि माझ्या मते आत्ता दोन्ही नकोत. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य बाबांच्या पडण्याबद्दलचं नाही, ‘आई फार चिडचिडी झाली आहे’ हे आहे. मी पुण्यात वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. दोघांपैकी जो धडधाकट असतो तो आधी कोसळतो, हे इतक्या घरांत पाहिलंय की आता मी पहिल्या भेटीत रुग्णाच्या आधी त्याच्या बायकोचं बीपी बघते.

पुण्यात सेवांचा तुटवडा आहे असं मला वाटत नाही. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, जवळपास प्रत्येक पेठेत आणि उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, धर्मादाय रुग्णालयं आहेत, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आहेत, रक्त तपासायला घरी येणाऱ्या लॅब आहेत. अडतं कुठे, तर यांतलं कुणी कुणाला ओळखत नाही. हाडांच्या डॉक्टरांना हृदयवाल्यांनी काय लिहून दिलंय ते ठाऊक नसतं, संघातल्या मंडळींना बाबा पडल्याचं कळत नाही, घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशींकडे डॉक्टरांचा नंबर नसतो. हे सगळं हातात धरून ठेवणारं एक माणूस लागतं आणि बहुतेक घरांत ते काम कुणी न विचारता आईच्या गळ्यात पडतं. ते तुम्ही घ्या. अपॉइंटमेंट, ऑनलाइन अर्ज, औषधांची यादी, मावशींचा पगार, लॅबला फोन, हे सगळं बंगळुरूत बसून होतं.

आता पडण्याचं बघू. कारण न शोधता माणूस ठेवलात तर बाबा पुन्हा पडतील, एवढंच की या वेळी कुणाच्या तरी देखत पडतील.

पुढच्या खेपेला पुण्यात आलात की घरातली झाडून सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर ओता. फ्रिजवरच्या डब्यातली, देवघराशेजारच्या कपाटातली, आईच्या पर्समधली, सगळी. सदाशिव पेठेतल्या एका घरी मी हे केलं तेव्हा साडीच्या दुकानाच्या पिशवीतून कात्रीनं कापलेल्या पट्ट्या निघाल्या, निम्म्यांवरची नावं कापण्यात गेलेली. आजोबांना अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी हृदयवाल्या डॉक्टरांनी एका कंपनीची दिली होती, फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची. नावं वेगळी म्हणून आजोबा दोन्ही निष्ठेनं घेत होते. त्या गोळीनं पाय सुजतात. पाय सुजले म्हणून लघवी वाढवणारी गोळी आली, ती रात्री घेतली जायची म्हणून दोन-तीनदा उठणं आलं, आणि प्रोस्टेटची गोळी व झोपेची ‘फक्त पाव’ गोळी पोटात असताना अंधारात उठणं म्हणजे पडणं आलंच. आजोबांना नवं औषध काहीच लागलं नाही, दोन कमी करावी लागली. म्हणून पट्ट्यांचे फोटो काढून यादी करा, कुठली गोळी कुणी आणि कशासाठी दिली ते समोर लिहा आणि एकाच डॉक्टरांना ती पूर्ण यादी दाखवा. फॅमिली डॉक्टर चांगले असतील तर तेच उत्तम. स्वतःच्या मनानं मात्र एकही गोळी बंद करू नका. झोपेची गोळी तर एकदम तोडायचीच नसते.

घरी बीपीचं यंत्र असेल तर आणखी एक करा. बाबांना पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. धरायला शेजारी कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचं एक मोठं कारण सापडलं समजा. दवाखान्यात बसवूनच बीपी घेतात, त्यामुळे हे सहसा निसटतं. दुसरी चाचणी त्याहून सोपी : खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. मालिश आणि शेक यांवर पैसे घालवू नका. मांड्यांची ताकद आणि तोल यांचेच व्यायाम हवेत असं पहिल्याच दिवशी सांगा. पावलं आखूड पडत असतील, वळताना अडखळत असतील, एक हात चालताना हलत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पार्किन्सन्सची सुरुवात अशी असते आणि घरचे तिला ‘वय झालं’ म्हणतात. तसं निघालंच तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे असे दोघांसाठी ते चालतं आणि फार चांगलं चालतं.

बाथरूमचं मी लांबून सांगते, पण कर्वेनगरच्या जुन्या इमारती आतून साधारण सारख्याच. दाराला चार-पाच इंचांचा उंबरठा, आत गुळगुळीत फरशी, आंघोळ पाटावर बसून बादली-तांब्यानं, आणि उठताना आधार कशाचा तर नळाचा किंवा टॉवेलच्या दांडीचा. ती दांडी टॉवेल पेलायला लावलेली असते, माणूस पेलायला नव्हे. पाट काढा, रबरी बूट असलेलं पक्कं स्टूल ठेवा, कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी स्टीलचे आडवे बार भिंतीत ड्रिल करून बसवा, चिकटवायचे नकोत. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. आतून कडी लावायची नाही, हा नियम बाबांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. जिन्यात प्रत्येक वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सोसायटीची परवानगी काढा. ‘मग सगळेच ठेवतील’ असं कुणीतरी सेक्रेटरी म्हणणार. ठेवू द्यात की. त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे सगळेच आता सत्तरीचे असतील.

तोच प्रश्न पुन्हा विचारण्याबद्दल. स्मृतिभ्रंश असू शकतो, पण त्या शब्दावर उडी मारण्याआधी बी-१२, थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन, साखर एवढं तपासून घ्या आणि कान तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं या कमतरतेवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ‘अॅसिडिटीची गोळी’ वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी खाली जातं. ऐकू कमी येत असेल तर उत्तर नीट पोचतच नाही, म्हणून प्रश्न पुन्हा येतो. उदासी असेल तरी लक्ष लागत नाही. हे सगळं बघून झाल्यावर स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्या. एक गोष्ट मात्र थांबून राहण्यासारखी नाही : चार-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागले, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ते बहुधा लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं किंवा एखादं नवं औषध यांपैकी काहीतरी असतं आणि ते बरं होतं.

आता आई. तिला ‘तू स्वतःसाठी वेळ काढ’ असं फोनवर सांगू नका, तिला ते अजून एक काम वाटतं. तिचा वेळ तुम्ही काढून द्या. सकाळी दोन तासांसाठी मावशी किंवा मामा ठेवा : बाबांची आंघोळ, व्यायाम, नाश्ता. चोवीस तासांचा माणूस नको असं मी म्हणते त्यामागचं कारणही आईच आहे. दोन खोल्यांच्या घरात तिसरं माणूस आलं की त्याचा चहा, त्याचं जेवण, त्याची झोपायची जागा, त्याचा मोबाइल, त्याची सुट्टी, सगळं आईच बघणार. काम कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. ब्युरोकडून घेतलंत तर बदली माणूस किती वेळात मिळणार आणि पोलिस पडताळणी झाली आहे का हे लेखी घ्या, आणि दर महिन्याला माणूस बदलणारा ब्युरो असेल तर सोडून द्या. बाबांना रोज नवा हात लागला की ते आंघोळच नाकारतील.

त्या दोन तासांत आईनं घराबाहेर पडायचं, ही अट. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. पुण्यातल्या संघांची ‘अॅस्कॉप’ ही शिखर संघटना आहे, राज्याची ‘फेस्कॉम’. पण खरं सांगायचं तर संघ शोधायला संघटना लागत नाही. संध्याकाळी बागेत किंवा देवळाच्या सभामंडपात वीस-पंचवीस डोकी गोल करून बसलेली दिसली की तोच संघ. वर्गणी किरकोळ असते. वाढदिवस, सहली, व्याख्यानं, अथर्वशीर्ष, कधी कविता, आणि राजकारण भरपूर. त्यांची रक्तदाब-साखर शिबिरं मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. आकडा कागदावर लिहून मिळतो आणि पुढे कुणी विचारत नाही. संघाचा खरा उपयोग वेगळाच आहे. दोन दिवस दिसला नाहीत की तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करतं, ‘अहो, बऱ्या आहात ना?’ हे कुठल्याच हॉस्पिटलच्या पॅकेजमध्ये मिळत नाही. संध्याकाळ जमत नसेल तर सकाळचा नवचैतन्य हास्ययोग परिवाराचा वर्ग बघा. पुण्याच्या बऱ्याच बागांत तो भरतो. हसण्याचं मला काही विशेष वाटत नाही, पण तिथले हातपाय हलवण्याचे प्रकार चांगले आहेत आणि बायका नंतर अर्धा तास गप्पा मारत उभ्या राहतात, ते अधिक चांगलं. आईची स्वतःची तपासणीही याच महिन्यात करा : बीपी, साखर, डोळे, गुडघे, आणि झोप किती लागते हा सरळ प्रश्न. चिडचिडीमागे रडू असेल आणि ते थांबत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

वस्तू विकत घेण्याची घाई करू नका. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वर-खाली होणारा पलंग, हवेची गादी हे सगळं पुण्यात अनामत रक्कम भरून अगदी नाममात्र भाड्यानं मिळतं. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, काही संघ आणि गणेश मंडळंही ठेवतात. काठी मात्र स्वतःच्या मापाची घ्या : पायात नेहमीच्या चपला घालून ताठ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. आजोबांची चांदीच्या मुठीची काठी घराण्याची आठवण म्हणून भिंतीवर ठीक.

रात्री-अपरात्री काय? १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती दारापर्यंत येते, पण तिसऱ्या मजल्यावरून बाबांना खाली कोण आणणार हे आजच ठरवा. हातांची भक्कम खुर्ची आणि चार माणसं लागतात. वॉचमन आणि समोरच्या, खालच्या मजल्यावरच्या दोघातिघांचे नंबर मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवा आणि एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. पडल्यावर मांडी किंवा जांघ दुखत असेल, पाय बाहेर वळलेला किंवा आखूड दिसत असेल, तर ओढून उभं करायचं नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेलं बरं. दुसरं-तिसरं मत घेण्यात आठवडा घालवला की फुप्फुसं आणि पाठीची कातडी दोन्ही बिघडतात.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. रोज सकाळी आठ ते रात्री आठ. महाराष्ट्रात ती चालवण्याचं काम पुण्याच्याच जनसेवा फाउंडेशनकडे आलं. माहिती, पेन्शनचे प्रश्न, छळाच्या तक्रारी, मन मोकळं करणं यासाठी तो आहे. अपघाताला तो नाही, त्याला १०८ किंवा ११२. एकटे किंवा दोघेच राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलिस चौकीत करता येते, तीही करा. आणि ‘मी सीबीआयमधून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे दोघांकडून पाठ करून घ्या. पुण्यातले पेन्शनर या टोळ्यांचं आवडतं गिऱ्हाईक आहेत.

पॉलिसी बंद पडली याचं दुःख आता करू नका. दोघेही सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ते ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत भरती होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण, दोघांत मिळून. आधीचे आजार चालतात, प्रतीक्षा काळ नाही. बाबा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची) असतील तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. कार्ड आयुष्मान अॅपवरून निघतं, लागतं फक्त आधार, आणि इथेच गाडी अडते : आईबाबांच्या आधारला बहुतेक वेळा मुलाचा कधीकाळचा नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी त्या मेलेल्या सिमवर जातो. आधी तो नंबर बदलून घ्या. दुसरी गोम अशी की शहरातली सगळी मोठी खासगी रुग्णालयं योजनेच्या यादीत नाहीत. घरापासून जवळची कुठली आहेत, खुब्याचं ऑपरेशन आणि हृदयाचं काम तिथे योजनेत होतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, खिडकीवर जाऊन आत्ताच विचारून ठेवा. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत, त्यासाठी स्वस्त औषधांचं जनऔषधी दुकान गाठा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी आपल्याच खर्चानं घ्याव्या लागतील. त्या जरूर घ्या.

तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींसाठी किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी सांगते, कारण त्यांना त्या कुणी सांगत नाही. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं बंधनकारक आहे; पुण्यातली कितीतरी नावाजलेली रुग्णालयं यात मोडतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जायचं, बिलिंगच्या खिडकीवर नव्हे. दुसरी, मुख्यमंत्री वयोश्री योजना : ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यात जमा होतात.

वृद्धाश्रमाचा विचार वाईट नाही, फक्त तो आत्ताचा नाही. पण आई कधी आजारी पडली, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तर पंधरा दिवस बाबांना ठेवून घेणारी जागा माहीत हवी. पुण्यात आणि आसपास अशी अल्पकाळ ठेवून घेणारी केंद्रं आहेत. दोन-तीन पाहून ठेवा. सकाळी अकराला, त्यांनी बोलावलेल्या वेळी, सगळीच स्वच्छ असतात. न सांगता संध्याकाळी सात-साडेसातला जा. जेवण कोण भरवतंय, ओल्या कपड्यांचा वास येतोय का, रात्री किती जणांमागे एक माणूस आहे, पडल्यावर कुठल्या रुग्णालयात नेतात आणि अनामत परत कधी मिळते, एवढं बघा आणि विचारा. माहितीपत्रकातला लॉन बघू नका, तिथे कुणीही बसत नाही.

‘फ्लॅट तुझ्या नावावर करून टाकतो’ असं बाबा म्हणतील. नको म्हणा. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, बास. तुमच्यासारख्या मुलाबाबत प्रश्न येणार नाही, पण ज्यांनी बक्षीसपत्र करून दिलं आणि मग हाल झाले त्यांच्यासाठी : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत मागता येते, पण ती अट कागदावर असेल तर लढाई सोपी जाते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. बँकेतली खाती दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी आहेत ना, तेही बघून घ्या. सही थरथरायला लागल्यावर हे करणं फार त्रासाचं होतं.

सगळं एका खेपेत होणार नाही. या वेळी चार दिवसांसाठी येत असाल तर पहिल्या दिवशी औषधं आणि आडवं-उभं बीपी, दुसऱ्या दिवशी बाथरूमचे बार लावायला माणूस, तिसऱ्या दिवशी आधारचा नंबर, चौथ्या दिवशी मावशींशी बोलणी. रक्ततपासणीला लॅबचा माणूस घरी येईल, ती तुम्ही यायच्या आधीच होऊ द्या म्हणजे रिपोर्ट तुमच्या हातात असतील. मग औषधांची यादी, बीपीचे तिन्ही आकडे आणि चालायला लागलेले सेकंद मला कळवा. बाबा पडले त्या दोन्ही वेळा दिवसाच्या कुठल्या प्रहरी होत्या आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात त्यांनी काय घेतलं होतं, हे आईला विचारून तेही लिहा.